बोंडअळी, तिचे वैरी आणि खानदेशची कपाशी

गुलाबी बोंडअळीचा प्रश्न आता शेतकी खात्याच्या परिपत्रकांपुरता राहिलेला नाही. २०१७ साली राज्यभर झालेल्या तिच्या उद्रेकानंतर शासनाने अनेक हंगामांत १ जूनपूर्वी कपाशीचे बियाणे शेतकऱ्यास विकण्यास मनाई केली. आखाजी झाली की ठिबकच्या नळ्या अंथरून कपाशी लावण्याची चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यातली रीत. तिला या मनाईने थेट धक्का बसला. विहिरीला पाणी आहे, जमीन तयार आहे, आणि बियाणे मात्र सरकार अडवून धरते, ही शेतकऱ्याची तक्रार. तर लवकर लावलेली कपाशी अळीच्या पहिल्या पिढीला आयते अन्न पुरविते, हे कृषिशास्त्रज्ञांचे उत्तर. सीमेपलीकडील मध्य प्रदेश आणि गुजरातेतून चोरून बियाणे आल्याच्या बातम्याही मग दर उन्हाळ्यात येत राहिल्या. हा वाद वरवर तारखेचा दिसतो. वस्तुतः तो एका फार मोठ्या प्रश्नाचा लहानसा तुकडा आहे. शास्त्राने दिलेले एखादे प्रभावी साधन एकेकट्या शेतकऱ्याच्या हाती सुपूर्द केले, पण ते टिकविण्याची सामुदायिक व्यवस्था मात्र उभी केली नाही, तर काय होते, हा तो प्रश्न होय.

खानदेश आणि कपाशी यांचे नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला, तेव्हा तापीखोऱ्यातील कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. त्याच सुमारास लोहमार्गही या भागात पोहोचला आणि खानदेशचा शेतकरी जगाच्या बाजाराला जोडला गेला. पुढे जळगावच्या कापूस संशोधनातून ‘जरीला’ हे देशी वाण आले. मुंबईच्या वायदे बाजारात या नावाने करार होत असत. ही देशी कपाशी आखूड धाग्याची, उत्पन्नाला बेताची. परंतु पाण्याचा ताण सोसणारी आणि रसशोषक किडींना सहसा दाद न देणारी होती. तिच्या ओळींमधून तूर, मूग, उडीद, चवळी यांचे पट्टे असत. अशा शेतात कीड नव्हती असे नव्हे. पण किडीबरोबर तिला खाणारेही तेथे नांदत होते.

१९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हे व्यापारी लागवडीसाठीचे जगातील पहिले संकरित वाण दिले आणि चित्र पालटले. संकरित कपाशी खतपाण्याला भरघोस प्रतिसाद देई. मात्र तिची कोवळी लुसलुशीत पाने किडींनाही तितकीच प्रिय होती. १९८० च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके बाजारात आली. आरंभी त्यांचा गुण चमत्कारासारखा वाटला. दहा वर्षांच्या आतच हिरवी बोंडअळी त्यांना पचवू लागली, पांढरी माशी बोकाळली, आणि फवारण्यांची संख्या वाढतच गेली. १९९० च्या दशकात देशाच्या सुमारे ५ टक्के लागवडीखालील क्षेत्रावर असलेले हे एक पीक शेतीतील निम्म्याच्या आसपास कीटकनाशके गिळंकृत करीत होते.

विषाची निवड

या कोंडीतून सुटका म्हणूनच बीटी कपाशीकडे पाहिले गेले. मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिको-मोन्सँटो कंपनीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. मातीत सापडणाऱ्या ‘बॅसिलस थुरिन्जिएन्सिस’ या जिवाणूतील एक जनुक कपाशीच्या पेशीत घातले गेले होते. त्या जनुकामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. अळीने पान वा बोंड कुरतडले की ते तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात विरघळते, आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि त्यास छिद्रे पाडते. माणसाच्या किंवा गुराढोरांच्या पोटात ते चिकटण्याजोगी जागाच नसते. हे विष निवडक आहे, आणि यातच त्याचे सामर्थ्यही आहे आणि मर्यादाही. बोंडअळ्यांवर ते चालते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर चालत नाही. आणि ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे जे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार, त्यांनाही ते सरळ मारीत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर जगभर बराच वाद झाला. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधील काही प्रयोगांत बीटी पिकावर पोसलेल्या अळ्या क्रायसोपाला खाऊ घातल्या, तेव्हा त्याची पिल्ले अधिक संख्येने मेली. १९९९ मध्ये अमेरिकेत मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांवर बीटी मक्याच्या परागांचा घातक परिणाम प्रयोगशाळेत दिसून आला, तेव्हा तर वृत्तपत्रांनी आकाशपाताळ एक केले. नंतरच्या कसोट्यांतून असे निष्पन्न झाले की क्रायसोपाच्या बाबतीत दोष विषाचा कमी आणि रोगट, निःसत्त्व भक्ष्याचा जास्त होता. आणि शेतातल्या प्रत्यक्ष परिस्थितीत मोनार्कला पोहोचणारी परागांची मात्रा बहुतांशी नगण्य होती. बीटी पीक मित्रकीटकांचा थेट संहार करते, हा आरोप टिकला नाही. तथापि एवढ्यावरून ते निर्दोष ठरविणे ही घाई होईल. शेतात परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत. एका किडीचे बळ घटले की तिच्या जागेवर, तिच्या शत्रूवर आणि शेतकऱ्याच्या वागणुकीवर काय घडते, ते पाहावे लागते.

सुबत्तेची वर्षे

पहिली काही वर्षे सुबत्तेची होती, हे मान्य केलेच पाहिजे. २००६ साली दोन जनुके असलेली दुसरी पिढी आली. २०१४ पर्यंत देशातील ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली. कापसाची सरासरी उत्पादकता २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०८ किलो रुई होती, ती २००७-०८ मध्ये ५५४ किलोवर गेली. या वाढीचे सारे श्रेय एका जनुकाचे नव्हे. सिंचन, खते, चांगला पाऊस यांचाही त्यात वाटा होता. खानदेशात ठिबक सिंचनाच्या प्रसाराने हा वाटा विशेष मोठा असणार. परंतु बोंडअळीसाठी कराव्या लागणाऱ्या फवारण्या कमी झाल्या, ही गोष्ट शेतकऱ्याने स्वतःच्या खिशावरून ताडली होती.

फवारणी कमी झाली की काय होते, याचा सर्वांत विस्तृत पुरावा चीनमधून आला. उत्तर चीनमधील ३६ ठिकाणी १९९० ते २०१० या काळात केलेल्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बीटी कपाशीमुळे कीटकनाशकांचा वापर घटताच ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी यांची संख्या वाढली, माव्याची घटली. इतकेच नव्हे, तर शेजारच्या मका, भुईमूग, सोयाबीन यांच्या शेतांतही या राखणदारांची वर्दळ वाढली. मित्रकीटकांना जीवदान मिळाले ते जनुकाने नव्हे, तर न मारलेल्या फवाऱ्याने, हा या अभ्यासाचा खरा धडा. जनुकाने फवारा थांबविला तोवर ते मित्र. ज्या दिवशी ते थांबविण्यास असमर्थ ठरले, त्या दिवशी मैत्री संपली.

याच उत्तर चीनमध्ये दुसरी बाजूही दिसली. बोंडअळीवरील फवारण्या थांबताच मिरिड जातीचे ढेकूण, जे पूर्वी त्याच फवाऱ्यात मरून जात, ते वाढले आणि कपाशीवरून सफरचंद, द्राक्ष यांसारख्या दुसऱ्या पिकांवर पसरले. २०१० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही रसशोषक किडींनी डोके वर काढले. शेकडो संकरित वाणांना भराभर मान्यता मिळाली. त्यांतील कित्येक तुडतुड्यांना सहज बळी पडणारी होती. बियाण्याला आधीच कीटकनाशक चोळलेले असे. काही वर्षांतच तुडतुडे त्यालाही सरावले. २००५ नंतर परदेशातून आलेला पिठ्या ढेकूण उत्तर व मध्य भारतातील कपाशीवर पांढऱ्या कापसासारखा चिकटून बसू लागला, तेव्हा तर शेतकरी हवालदिल झाला.

या पिठ्या ढेकणाचे पुढे जे झाले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोणत्याही औषधाने त्याचा कायमचा बंदोबस्त झाला नाही. २००८ च्या सुमारास ‘एनासियस’ नावाची, उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक गांधीलमाशी शेतांतून आढळू लागली. ती पिठ्या ढेकणाच्या शरीरातच अंडे घालते आणि तिची अळी त्याला आतून पोखरून खाते. दोन-तीन हंगामांत या माशीने देशभर पिठ्याला आटोक्यात आणले. तिची कोणी जाहिरात केली नाही, तिचे पाकीट कोणी विकले नाही, तिच्यासाठी कर्ज काढावे लागले नाही. जेथे फवारे अविरत चालू राहिले तेथे मात्र ढेकणाआधी तीच मेली.

गुलाबी अळीचे पुनरागमन

गुलाबी बोंडअळी ही परकी नव्हे. १८४३ साली विल्यम सॉन्डर्स यांनी तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते खानदेशच्या शेजारच्या भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय सरकीबरोबर ती इजिप्तला गेली, तेथून मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पोहोचली. तिचा स्वभाव हिरव्या बोंडअळीहून अगदी वेगळा. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, मका असे काहीही खाते. साहजिकच तिच्या असंख्य पिढ्या बीटीच्या विषाला न शिवता या पिकांवर वाढतात आणि विषाला बळी पडणारे रक्त तिच्या जातीत टिकून राहते. खानदेशातील तुरीचे पट्टे आणि रब्बीचा हरभरा हे तिच्यासाठी निसर्गदत्त आश्रयस्थान ठरले. गुलाबी अळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. गावातली सगळी कपाशी बीटी झाली, की तिच्या प्रत्येक पिल्लाला विषाच्या परीक्षेला बसावेच लागते. आणि जी उत्तीर्ण होतात तीच पुढची पिढी निपजवितात.

शास्त्रज्ञांना हा धोका ठाऊक होता. म्हणूनच बीटी शेताभोवती २० टक्के क्षेत्रावर किंवा निदान पाच ओळी साधी कपाशी लावण्याचे बंधन घातले गेले. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे देण्यात येई. दुकानांतून ते ‘रेफ्युजी’ या नावाने ओळखले जाई. कल्पना अशी, की या ओळींवर निपजलेले दुबळे पतंग बीटी शेतातून क्वचित वाचलेल्या बळकट पतंगांशी जुळावेत आणि त्यांची प्रजा पुन्हा विषाला बळी पडावी. बहुसंख्य शेतकऱ्यांनी हे लहान पाकीट बांधावर फेकले. यात त्यांचा अडाणीपणा शोधणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. दोन-तीन एकरांच्या धन्याने जमिनीचा पाचवा हिस्सा अळीला आंदण द्यावयाचा. बहुधा त्या पाकिटातील बियाणे निराळ्या जातीचे, निराळ्या मुदतीचे. त्याने ते लावले आणि शेजाऱ्याने नाही, तर नुकसान त्याचे एकट्याचे, आणि लाभ साऱ्या गावाचा. अशा सौद्यात कोणता कारकून वा कोणता शिक्षक आपल्या पगाराचा पाचवा हिस्सा घालील?

त्यातच आपल्या देशाने एक वेगळी वाट धरली होती. संकरित कपाशी भारताएवढ्या प्रमाणावर लावणारा देश विरळा. इतर बहुतेक देशांत शेतकरी सरळ वाणे लावतात. संकरित झाडाच्या बोंडातील सरक्या एकसारख्या नसतात: काहींत दोन्ही विषे, काहींत एकच, काहींत एकही नाही. गुलाबी अळी बोंडात शिरून सरक्याच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला विषाची अशी अर्धीमुर्धी मात्रा मिळते, जी मारण्यास अपुरी आणि सराव होण्यास पुरेशी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी या धोक्याकडे वेळोवेळी लक्ष वेधले होते. शिवाय आपली संकरित वाणे सहा-सात महिने शेतात उभी राहणारी. पीक शंभर दिवसांचे झाले की झाडातील विषाचे प्रमाण उतरू लागते, आणि गुलाबी अळीची खरी धाड नेमकी त्यानंतरच पडते.

परिणाम ठरलेलाच होता. २०१० मध्ये गुजरातेतील काही जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे कंपनीने मान्य केले. पाच वर्षांच्या आत दुसरे जनुकही निष्प्रभ ठरल्याचे स्पष्ट झाले. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. खानदेशातही बोंडे फोडली की आत गुलाबी अळी आणि किडकी, पिवळी, कवडी झालेली रुई हाती येई. डिसेंबरात शासनाने कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांची मदत जाहीर केली. तिच्यातला मोठा वाटा बियाणे कंपन्यांकडून आणि पीकविम्यातून यावयाचा होता. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जे तंत्र फवारा थांबविण्यासाठी आणले, त्याच्या छायेत फवाऱ्याने माणसे मरावीत, याहून मोठा विरोधाभास कोणता? २०२० साली ‘नेचर प्लॅन्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या भारतीय कपाशीच्या वीस वर्षांच्या आढाव्यातही हेच निष्पन्न झाले, की शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटीपूर्व काळाहून अधिक खर्च करीत आहे.

या खर्चाचे पहिले बळी पुन्हा राखणदारच. गुलाबी अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच अवधीत बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जाते. आतल्या अळीपर्यंत बाहेरचा फवारा पोहोचत नाही. पोहोचतो तो पानावर फिरणाऱ्या ढालकिड्यापर्यंत, ओळीत जाळे विणणाऱ्या कोळ्यापर्यंत, आणि अंड्याला शोधत हिंडणाऱ्या ट्रायकोग्रामाच्या माशीपर्यंत. राखणदार मेले की पंधरवड्यात मावा, तुडतुडे, पांढरी माशी दुणावतात. त्यांच्यासाठी आणखी फवारा. पेरू देशातील कान्येते खोऱ्यात १९४९ नंतर डीडीटीसारख्या औषधांच्या अतिवापराने हेच चक्र फिरले होते, आणि १९५६ पर्यंत तेथील कापूस उत्पादन कोसळले होते. औषधे आवरून, मित्रकीटक बाहेरून आणून सोडल्यावरच ते खोरे सावरले.

खानदेशची विशेष अडचण

गुलाबी अळीची शेवटची पिढी हंगामाअखेर सरकीत, पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत किंवा मातीत सुप्तावस्थेत पडून राहते आणि मे-जूनच्या सरींनंतर पतंग होऊन बाहेर पडते. त्या वेळी शेतात पाते-फुले नसतील, तर हे पतंग अंडी घालण्याजोगी जागा न मिळता मरतात. मेमध्ये लावलेल्या बागायती कपाशीला मात्र जून-जुलैतच पाते लागते, डोमकळ्या दिसू लागतात, आणि तेथे वाढलेली पिढी ऑगस्टात अमळनेर, पारोळा, शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतांवर उतरते. हे नाकारता येणार नाही. पण याला दुसरी बाजूही आहे. लवकर लावलेली कपाशी लवकर वेचून, नोव्हेंबरात उपटून, तेथे गहू, हरभरा वा मका घेणारा शेतकरी अळीची शेवटची पिढी उपाशी ठेवतो. उलट जूनच्या पावसावर पेरून मार्चपर्यंत पाणी देत फरदड घेणारा तिला पुढच्या वर्षीची बेगमी करून देतो. तेव्हा दोष तारखेचा नाही. एकाच शिवारात कोणाची कपाशी मे महिन्यात सुरू होते आणि कोणाची मार्चमध्ये संपते, या विस्कळीतपणाचा आहे. अळीला वर्षातून दहा महिने पंगत वाढलेली असते.

त्यात जिनिंगची भर. खानदेशातील जिनांत दूरदूरचा कापूस येतो आणि सरकीबरोबर अळीही येते. उन्हाळाभर आवारात पडलेल्या मालातून उडालेले पतंग आसपासच्या शेतांचा माग काढतात. जिनांत कामगंध सापळे लावावेत, मालाचा साठा वेळीच निकाली काढावा, हे सांगणे सोपे. ते झाले की नाही, हे पाहणारी यंत्रणा मात्र ढिली आहे.

ही अळी अजिंक्य आहे असे नव्हे. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात बीटी कपाशीभोवती साधी कपाशी लावण्याचा नियम काटेकोर पाळला गेला. २००६ पासून त्याला वांझ केलेले पतंग विमानातून सोडण्याची जोड देण्यात आली. आणि २०१८ साली अमेरिकेने गुलाबी बोंडअळीच्या निर्मूलनाची घोषणा केली. आपल्या भडोचमध्ये जिची पहिली शास्त्रीय नोंद झाली, ती टेक्सासमधून हद्दपार झाली आणि माहेरी मात्र सुखाने नांदत आहे. तेथे शेते मोठी, शेतकरी थोडे, संघटना बळकट. ते येथे जसेच्या तसे जमणार नाही, हे उघड आहे. पण यांगत्से खोऱ्यातील लहान शेतकऱ्यांनी एक निराळेच उदाहरण घालून दिले. त्यांनी स्वस्त मिळते म्हणून संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे लावले. त्यात सुमारे पाव हिस्सा झाडे बीटी नसलेली निघत. आश्रयओळी आपोआप शेतभर विखुरल्या गेल्या आणि गुलाबी अळीची प्रतिकारशक्ती मागे हटली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. भारतातही पुढे साधे बियाणे बीटी बियाण्यातच मिसळून देण्याची पद्धत आली. ती योग्य होती. फक्त घोडे पळून गेल्यावर पागेचे दार लावल्यासारखी झाली.

सामाईक ठेव

या साऱ्या कथेचा अर्थ एवढाच, की किडीची विषाला बळी पडण्याची क्षमता आणि मित्रकीटकांची शेतातील हजेरी या दोन्ही गावाच्या सामाईक ठेवी आहेत. गायरानासारख्या, पाणवठ्यासारख्या. त्या कोणा एकाच्या नावावर सातबाऱ्यात चढलेल्या नाहीत. म्हणूनच त्या उधळणे सोपे आणि राखणे अवघड. कंपनीने बियाणे विकले, शासनाने परवानगी दिली, विद्यापीठाने शिफारस छापली, दुकानदाराने उधारी लिहिली. पण ही ठेव राखण्याची जबाबदारी ज्याला सर्वांत कमी सवड आणि सर्वांत जास्त कर्ज, त्या शेतकऱ्यावर ढकलून सारे मोकळे झाले. त्याने ती पाळली नाही म्हणून त्यालाच बोल लावणे न्यायाचे नव्हे.

उपाय अज्ञात नाहीत. कमी मुदतीची वाणे, जी डिसेंबरपर्यंत शेत मोकळे करतील. गावाने मिळून ठरविलेला लागवडीचा पंधरवडा आणि पऱ्हाटी उपटण्याचा शेवटचा दिवस. पहिल्या दोन महिन्यांत जहाल फवारा टाळून निंबोळी अर्कावर भागविणे, म्हणजे राखणदारांना पाय रोवण्यास अवधी मिळेल. कपाशीत चवळी, मूग आणि कडेने मका-ज्वारीच्या ओळी, जेथे ढालकिडे आणि क्रायसोपा आसरा घेतील. आणि कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, तरच औषधाचा विचार. केंद्रीय संस्थेने सरळ बीटी वाणे प्रसृत केली आहेत. ज्यांचे बियाणे शेतकरी घरी राखू शकतो अशा वाणांचा आणि देशी कपाशीचा खानदेशच्या जमिनीत पुन्हा कस लावण्याचे काम जळगावच्या संशोधन केंद्राने नेटाने केले पाहिजे. शासनानेही मनाईच्या तारखेवर विसंबू नये. तारीख ही एका बाजूने लादलेली शिस्त होय. हंगाम वेळेवर संपविणाऱ्या गावाला पीकविम्यात वा रब्बीच्या बियाण्यात काही सवलत मिळाली, तर शिस्तीला मोबदल्याचा आधार मिळेल.

आणि सापळ्यातले पतंग मोजण्यास शास्त्रज्ञच लागतात असे थोडेच आहे? खेड्यातील माध्यमिक शाळेचा विज्ञान-शिक्षक आणि त्याचे नववीतले विद्यार्थी ही मोजणी रोज सकाळी करू शकतात, फळ्यावर आकडा लिहू शकतात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो लावू शकतात. ढालकिड्याची काळपट, काटेरी अळी ही शत्रू नसून मित्र आहे, एवढे जरी त्या मुलांनी घरी सांगितले, तरी एखादा फवारा वाचेल. कृषी सहायक एक, गावे अनेक; ही उणीव अशाच मार्गाने भरून निघणार.

नवी जनुके येतील. त्यांच्या जाहिराती येतील, त्यांना विरोध करणारे मोर्चेही निघतील. दोन्ही बाजूंना जनुकाविषयी जेवढे बोलावेसे वाटते, तेवढे शिवाराच्या व्यवस्थेविषयी वाटत नाही. गेल्या दोन दशकांचा अनुभव असा, की चांगले साधन विस्कळीत गावाच्या हाती पंधरा वर्षेही टिकले नाही, आणि एका यत्किंचित गांधीलमाशीने मात्र, तिला मरू दिले नाही तेथे, कोणाकडे काही न मागता आपले काम चोख बजावले. पुढच्या पाकिटावरील चित्राला भुलण्याआधी जळगाव-धुळ्याच्या शिवारांनी एवढा हिशेब मांडून पाहावा. बियाणे बाजारात मिळेल. ते टिकविणारा शेजारधर्म बाजारात मिळणार नाही.